यादीतला बिननावाचा

५ फेब्रुवारी

ती. आक्का,

सोमवारी सकाळी मी आतल्या जिन्याच्या दाराला आमच्या बाजूने कडी घातली. आंघोळ करून देवापुढे बसलो होतो. डोळे मिटले, पण मन थाऱ्यावर येईना. कान सारखा वरच्या मजल्याकडे. शेवटी अर्ध्यातून उठलो, जिन्याखाली गेलो आणि गंजलेली कडी हातोडीने ठोकून सरकवली. आईबाबांच्या वेळेपासून ही कडी कधी कुणी लावल्याचं मला आठवत नाही. परत येऊन बसलो, तर देवासमोर डोळे मिटायचाच संकोच वाटायला लागला. म्हणून तुला लिहितो आहे.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसला. कारण आहे. फोनवर बोललं की आवाज जिन्यातून वर जातो, आणि मेल पाठवायची मला धास्ती वाटते. जो माझं नेट वापरतो, तो माझे मेलही वाचत असणार. त्यापेक्षा कागद बरा.

आता मुद्द्याचं. कपड्याच्या कारखान्यासाठी मी हल्ली कटिंगचे नमुने घरीच कॉम्प्युटरवर काढतो, हे तुला माहीत आहे. संध्याकाळी फाईल पाठवली की तिथलं कापायचं मशीन रात्रपाळीला त्यावर चालतं. फाईल पोचली नाही तर मशीन उभं राहतं आणि माणसं हातावर हात ठेवून बसतात. गेले काही दिवस नेमकं संध्याकाळीच घरातलं नेट जातं. सकाळी उठून बघावं तर चालू. दोनदा पेनड्राइव्ह खिशात घालून सायकलवरून कारखान्यात गेलो. दुसऱ्या खेपेला सुपरवायझर म्हणाला, ‘मास्तर, असंच होणार असेल तर नमुने दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावे लागतील.’ हसत म्हणाला, पण म्हणाला.

मी राउटरचं ॲप फोनवर उघडून पाहिलं. घरात नेटला जोडलेली यंत्रं त्यात दिसतात. माझा फोन, हिचा फोन, माझा कॉम्प्युटर. त्या संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरचं नाव फिकं पडलेलं होतं, म्हणजे तो बाहेर. आणि खाली एक चौथा बसलेला. त्याला नाव नाही, नुसता आकडे-अक्षरांचा एक लांब क्रमांक. मला ढकलून माझ्या जागेवर कुणीतरी येऊन बसलं आहे, हे मला तिथेच कळलं.

हे कोण असेल ते तुला वेगळं सांगायला नको. आमच्या भिंतीला लागून दुसरं घर नाही. वर धाकटा आणि त्याची बायको, बस्स.

आक्का, गेल्या चार-सहा महिन्यांत तो खूप बदलला आहे. फाटकात भेटला आणि हाक मारली तर वळूनही बघत नाही. दारं आदळतो, भांडी टाकतो. आधी त्यांच्या टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की मला रेषा सरळ काढता येईना. मी हिच्याकडून निरोप पाठवला. तेव्हापासून आवाज बंद. पण टीव्ही बंद नाही. रात्री अंगणात गेलं की वरच्या खिडकीत चित्रांचा उजेड हललेला दिसतो. आवाज बंद ठेवून कोण टीव्ही बघतं? खाली आम्ही काय बोलतो ते ऐकायचं असल्याशिवाय?

त्यांच्याकडे नेटचा माणूस तार घेऊन आला, त्याच रविवारपासून माझं बिघडलं. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

तुझा सगळा जन्म नेट कंपनीच्या तक्रार विभागात गेला. चोराला बाहेर कसं काढायचं ते सांग. तो चोर आपला सख्खा भाऊ आहे हे जरा वेळ विसरून सांग.

तुझा
मास्तर


९ फेब्रुवारी

चि. मास्तर,

पत्र मिळालं. लिहिलंस ते बरं केलंस. त्या झुपकेदार मिशीआडून तू फोनवर काय पुटपुटतोस ते मला निम्मं कळत नाही. कागदावर निदान अक्षरं तरी दिसतात.

आधी ती कडी काढ. मग पुढचं वाच.

काढली नाहीस, मला माहीत आहे. बरं, पुढचं वाच.

तक्रार विभागात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की गिऱ्हाईक चोराचं नाव घेऊनच फोन करतं. कुणाचा शेजारी, कुणाची सून, कुणाचा घरमालक. ते ऐकून घ्यायचं, हो म्हणायचं, आणि मग विचारायचं की राउटर बंद करून पुन्हा चालू केलात का. निम्मे चोर तिथेच सुटायचे.

तेव्हा मीही तुला हो म्हणते आणि विचारते.

बिघाड सुरू झाला त्या रविवारी तुझ्या घरात, वर नव्हे, तुझ्या घरात, काय काय बदललं? नवं यंत्र आणलंस का? राउटर हलवलास? त्याच्यापुढे हिने पत्र्याचा डबा वगैरे ठेवला का? नेट जातं तेव्हा तुझ्या फोनवरही जातं, की फक्त कॉम्प्युटरवर? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. फोनवर चालू असेल तर घरातलं नेट शाबूत आहे आणि आजारी आहे तो कॉम्प्युटर.

पासवर्ड बदल. लांब ठेव आणि कुणाला सांगू नकोस. मग बघ, बिननावाचा येतो का. पण एका वेळी एकच गोष्ट करायची. चार गोष्टी एकदम केल्यास तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं ते देवालाही सांगता येणार नाही.

धाकट्याबद्दल तू जे लिहिलंस ते वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

आक्का


१४ फेब्रुवारी

ती. आक्का,

तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो.

राउटर हलवला नाही. पत्र्याचा डबा नाही. नेट जातं ते फक्त कॉम्प्युटरवरून, फोनवर चालू राहतं. म्हणजे चोराला माझा कॉम्प्युटरच हवा आहे, फोनशी त्याला देणंघेणं नाही. हे तर आणखी वाईट.

त्या रविवारी मी नवीन काही आणलं नाही. कॉम्प्युटरने स्वतःहून नवी आवृत्ती मागितली होती, ती घालून दिली. सकाळभर पडद्यावर गोल फिरत होतं, दुपारी सगळं जागच्या जागी होतं, फक्त रंग बदलले. त्याचा यात संबंध नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

पासवर्ड बदलला. इतका लांब केला की मलाच पाठ करायला दोन दिवस लागले. देवाचं नाव घ्यायला बसलो तर ओठांवर पासवर्ड यायचा. आणि तरीही, आक्का, नवा पासवर्ड घातल्याच्या पहिल्याच संध्याकाळी चहा पिऊन कॉम्प्युटरपाशी आलो तर नेट गेलेलं, यादीत माझं नाव फिकं आणि तो बिननावाचा हजर. मी पासवर्ड घातला तेव्हा खोलीत मी एकटा होतो. हिलाही सांगितलेला नाही. तिच्या फोनमध्ये मीच घालून दिला.

मग मी ॲपमध्ये त्याला ब्लॉक केलं. आणि बघ, त्याची हिंमत किती. मी बटण दाबायला आणि माझ्या कॉम्प्युटरचं नेट समूळ जायला एकच गाठ पडली. तोवर ते जात-येत तरी होतं, आता रात्रभर आलंच नाही. जशास तसं. सकाळी पुन्हा सुरळीत. यादीत बघतो तर पुन्हा एक बिननावाचा, पण क्रमांक नवा. मी रोज संध्याकाळी एकाला ब्लॉक करतो, तो रोज रात्री माझं तोडतो आणि सकाळी नव्या वेषात हजर होतो. पेनड्राइव्ह घेऊन सायकल मारणं आता रोजचंच झालं आहे.

हिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘भावजी एवढे तुमचं नेट ओढतायत, तर इकडे चहाला का येत नाहीत? नेटपेक्षा चहा सोपा आहे ओढायला.’ तिला सगळ्याची थट्टाच सुचते.

पण परवा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दिवेलागणीला अंगणात उभा होतो. वरच्या खिडकीच्या पडद्यावर धाकट्याची सावली पडली होती. तो टेबलापाशी बसून हातांनी काहीतरी करत होता. बोटं उघडायची, मिटायची, एक हात दुसऱ्यावर आणायचा, छातीशी न्यायचा. मधे थांबायचा, समोर कशाकडे तरी बघायचा आणि पुन्हा तेच. मग त्याची बायको समोर येऊन बसली आणि तीही तसंच करू लागली. समोर कुणाला तरी खुणा कराव्यात तसं. हे नुसतं नेट वापरणं नाही, यात आणखी कुणीतरी सामील आहे.

मी गवंड्याशी बोललो आहे. जिन्याचं दार विटांनी बुजवून घेणार. त्यांना बाहेरचा लोखंडी जिना आहेच, त्यांचं काही अडत नाही. विटा येऊन पडल्या आहेत. गवंडी अठ्ठावीस तारखेला मोकळा आहे.

मास्तर


१८ फेब्रुवारी

चि. मास्तर,

संबंध नाही म्हणून ज्याच्याबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, तिथेच सगळा संबंध आहे. नवी आवृत्ती घातल्यावर कॉम्प्युटर जुन्या सवयी विसरतो आणि नव्या लावून घेतो. मी नोकरीत असताना असा एक अपडेट आला की आठवडाभर आम्हाला जेवायला फुरसत मिळायची नाही.

एक तर आता लगेच कर. तू चहाला उठतोस आणि तेवढ्यात नेट जातं, हे तूच लिहिलं आहेस. नव्या आवृत्तीत वीज वाचवण्याचा एक पर्याय आपोआप चालू होतो. तू उठलास की कॉम्प्युटर आपलं नेटचं यंत्र झोपवतो, आणि तू आलास तरी ते धड जागं होत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या यंत्राचं पान उघड, तिथे ‘वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्यावं’ अशा अर्थाची एक खूण असेल. ती काढ. आज दुसरं काही करू नकोस.

आणि आता मी विचारते त्याचं नीट आठवून उत्तर दे. तू बिननावाच्याला ब्लॉक करतोस त्या क्षणी तुझं नेट जातं, असं लिहिलंस. थोड्या वेळाने नव्हे, त्याच क्षणी? दरवेळी? आणि कधी असं झालंय का, की तुझा कॉम्प्युटर नीट चालू आहे, तू त्यावर काम करतो आहेस, आणि यादीत त्याचं नाव फिकंच आहे?

गवंड्याला पुढची तारीख दे. विटा काही नासत नाहीत.

खिडकीतल्या सावल्यांवरून माणसाला तोलू नकोस. एवढंच लिहिते.

आक्का


२१ फेब्रुवारी

ती. आक्का,

खूण काढली. नेट चहाच्या वेळी जायचं थांबलं, हे खरं. पण बिननावाचा यादीत आहेच, मी त्याला ब्लॉक करतोच, आणि केलं की माझं जातंच. त्याच क्षणी, दरवेळी. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, होय, माझं नाव हल्ली कायमच फिकं असतं, काम चालू असलं तरी.

आता माझा एक प्रश्न. काल फाटकावरच्या टपालाच्या पेटीतून आमची पत्रं काढत होतो. एक पाकीट धाकट्याच्या नावाचं होतं. वरचं अक्षर तुझं होतं. ते मी लाखांत ओळखेन, शाळेत तुझ्याच पाटीवर बघून मी गिरवलं आहे. मी ते पाकीट तसंच पेटीत ठेवलं. उघडलं नाही, उजेडासमोरही धरलं नाही.

तो इथे, तू तिथे. त्याच्याकडे फोन आहे. नेट आहे, त्याचं किंवा माझं. मग तो तुला पत्रं का लिहितो? मी पत्र लिहितो कारण माझ्यावर पाळत आहे. त्याला कशाची भीती?

आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. दरवेळी धाकट्याचं नाव आलं की तू पान उलटतेस. ‘काही लिहीत नाही’, ‘एवढंच लिहिते’. तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे. पण काहीतरी झाकते आहेस. तुम्ही दोघं मिळून काय ठरवलं आहे?

गवंडी अठ्ठावीसलाच येईल.

मास्तर


२४ फेब्रुवारी

मास्तर,

हे पत्र तुला वेळेत मिळावं म्हणून पोस्टात स्वतः जाऊन टाकते आहे.

आधी चोर. प्रत्येक यंत्राला राउटरसमोर आपली ओळख म्हणून एक क्रमांक सांगावा लागतो. आतापर्यंत तुझा कॉम्प्युटर आपला खरा क्रमांक सांगायचा, त्यावर तू नाव लिहून ठेवलं होतंस. नव्या आवृत्तीने तो पर्याय बदलला. बाहेर, हॉटेलात, दवाखान्यात कुणी माणसाचा माग काढू नये, म्हणून आता तो खरा क्रमांक लपवतो आणि रोज नवा सांगतो. वाटेवर चांगली सोय आहे. घरात मात्र त्याला घरचेच ओळखत नाहीत.

आता एवढंच कर. कॉम्प्युटर चालू कर. त्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर त्याने आज सांगितलेला क्रमांक दिसेल. शेजारी फोनवर यादी उघड आणि त्या बिननावाच्याचा क्रमांक बघ. अक्षर न् अक्षर पडताळून बघ, कापड कापायच्या आधी माप पडताळतोस तसं. मला जे वाटतं तेच निघालं तर तो ‘दररोज बदला’ पर्याय बंद कर, ब्लॉक केलेले सगळे सोडून दे, आणि थोडा वेळ गप्प बस.

दुसरं, पत्रांचं. होय, धाकटा मला लिहितो आणि मी त्याला लिहिते. का, ते मी सांगणार नाही. मी त्याला शब्द दिला आहे, आणि आईनंतर या घरात दिलेला शब्द पाळणारं कुणीतरी असावं. तुझ्यावर राग म्हणून त्याने लपवलेलं नाही. उलट आहे.

पण शब्द न मोडता एक गोष्ट तुला सांगता येते. कडी काढ आणि वर जा. जिन्यातून हाक मारू नकोस. पाठीमागून काही बोलू नकोस. त्याच्या समोर जाऊन उभा राहा.

तू माझं कधी ऐकलं नाहीस, एवढं ऐक.

आक्का


१ मार्च

ती. आक्का,

तुझं पत्र सत्तावीसच्या दुपारी आलं. दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी धरले. पहिली चार अक्षरं जुळली तेव्हा वाटलं असतील सारखी. मग पुढची जुळली. शेवटच्या दोन अक्षरांवर मी बोट ठेवलं आणि उचलेना.

तो मीच होतो, आक्का. रोज संध्याकाळी मी स्वतःला घराबाहेर काढत होतो आणि रात्रभर भावाला शिव्या मोजत होतो. ब्लॉक केलेल्यांच्या यादीत माझेच इतके क्रमांक होते की सोडवताना अंगठा दुखला. पर्याय बंद केला. कॉम्प्युटरचं नाव पुन्हा ठळक झालं, चौथा कुणी उरला नाही. फाईल पाठवली. कारखान्यातून ‘मिळाली’ म्हणून आलं. एरवी मी हात जोडले असते. या वेळी जोडवेनात.

मग कडीकडे गेलो. गंजामुळे ती उघडताना पुन्हा हातोडी लागली. एवढा आवाज झाला की वरून कुणीतरी येईल असं वाटलं. कुणी आलं नाही.

वर गेलो. सवयीने शेवटच्या पायरीवर हाक निघालीच. तू नको म्हणाली होतीस, तरी निघाली. धाकटा टेबलापाशी माझ्याकडे पाठ करून बसला होता, हातभराच्या अंतरावर. वळला नाही. समोर कॉम्प्युटर होता. त्यावर एक बाई हातांनी सावकाश खुणा करून दाखवत होती, खाली अक्षरं येत होती, आणि हा तिच्यामागून तेच करत होता. आवाज बंद होता. मी तिथेच थांबलो. त्याची बायको आतून आली, मला बघून थबकली. तिने त्याला हाक मारली नाही. जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो वळला.

आक्का, ज्याला काही ऐकू येत नाही, त्याच्या धास्तीने मी महिनाभर माझ्याच घरात कुजबुजत बोलत होतो.

तो पहिल्यांदा बोलला तो गरजेपेक्षा मोठ्याने. तो स्वतःचा आवाज मापू शकत नाही, हे तुला माहीत असेलच. म्हणाला, ‘दादा, कडी तू लावलीस ना? मला वाटलं, तुला कळलं म्हणून लावलीस.’

मग त्याने सांगितलं की तो दोनदा जिन्याने खाली आला होता. मला सगळं सांगून टाकायचं म्हणून. दार ढकललं तर उघडेना. आतून मी काही बोलत असेन तर आपल्याला ऐकू येणार नाही, उगाच ठोकत राहिलो तर बरं दिसणार नाही, म्हणून परत गेला.

आता सगळं सांगितलं त्याने. एक कान वर्षापूर्वीच गेला होता, दुसरा गेल्या पावसाळ्यानंतर. मशीन लावून पाहिलं, उपयोग नाही. मोटारींच्या कारखान्यात इंजिनाला कान लावून बिघाड ओळखायचं काम त्याचं, ते सुटलं. आता तिथेच रंगाच्या खात्यात आहे. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणजे बोललो, पण त्याला कळलं नाही, म्हणून कागदावर लिहून विचारलं. तो म्हणाला, ‘तू माझ्या कानाचं सगळ्या जगाला सांगत फिरायचास. तुला काय सांगणार होतो?’

फिरायचोच. गावच्या शाळेत असताना खिंडीतून वर चढणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून हा सांगायचा, दूधवाल्याची की लाकडाची, भरलेली की रिकामी. मी पोरांशी पैजा लावायचो आणि जिंकायचो. अजूनही कुणी भेटलं की तेच सांगतो. गेल्या वर्षभरात त्याच्यासमोर किती वेळा सांगितलं असेल, आणि तो हसला असेल, ते आता मला आठवतं आहे आणि नको वाटतं.

मी त्याला माझं सांगितलं. नेटचं, यादीचं, बिननावाच्याचं. लिहून सांगितलं, त्याला दोन पानं लागली. तो वाचत गेला आणि मधेच इतका हसला की त्याची बायको धावत आली. म्हणाला, ‘तुझा पासवर्ड चोरायला मला आधी तुझं बोलणं तरी कळायला हवं. बाकी सगळ्यांचे ओठ वाचता येतात आता, हिचे, कारखान्यातल्यांचे, त्या पोस्टमनचेसुद्धा. तुझं मात्र काही कळत नाही. तुझ्या मिशा मधे येतात.’ हसतच म्हणाला, आणि मग डोळे पुसायला तोंड फिरवलं. मी समोरच उभा राहिलो, हललो नाही. तू सांगितलं होतंस तसं.

अठ्ठावीसला गवंडी आला. त्याला येऊ नको असं कळवायचं मी मुद्दाम टाळलं होतं. दार भिंतीत बुजवायचं नाही, चौकटीसकट काढून टाकायचं आणि कडा गुळगुळीत करून द्यायच्या, असं सांगितलं. तो घमेलं तसंच धरून उभा. म्हणाला, ‘मास्तर, बुजवायचं की मोकळं करायचं, एकदा काय ते ठरवा. माल भिजवला की पुन्हा कोरडा होत नाही.’ मी म्हणालो, ठरलं आहे. दार निघालं. विटांचा आता कोपऱ्यात ओटा करून घेतला, ही त्यावर कुंड्या ठेवणार आहे. राउटर मी त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी, मधल्या पायरीवर ठेवला आहे. वरही चांगला पोचतो. त्यांचं नेट त्यांना आहेच, पण त्या बाईच्या खुणा बघताना एखादवेळी अडखळलं तर हे असावं. पासवर्ड लहान केला आणि कागदावर लिहून दिला.

एक गोष्ट करायची राहिली होती. परवापासून मनात होती, पण हात धजत नव्हता. तिसेक वर्षं वाढवलेली, कारखान्यात सगळे तीवरूनच मला ओळखतात. आज सकाळी देवापुढे बसलो. आज मन कुठे गेलं नाही. उठलो, आरशापुढे गेलो आणि कापडाची मोठी कात्री टाकून लहान कात्री घेतली. मग वस्तरा. मिशी काढली, आक्का. ओठावरची कातडी तान्ह्या पोरासारखी कोवळी निघाली. ही दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, ‘हे कोण घरात शिरलंय? यादीत नाव नाही.’

तेवढ्यात धाकटा जिन्याने खाली उतरत होता. शेवटच्या पायरीवर मला बघून थांबला. मी त्याच्या समोर उभा राहिलो आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द सावकाश, म्हणालो, ‘चहा, घेणार, का?’

तो म्हणाला, ‘ओरडू नकोस दादा. कळलं.’

तुझा
मास्तर